घुमट नेमके कुठे वाजते आहे?

गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) रेकॉर्ड केलेल्या घुमट आरतीचे पहिले मिक्सिंग मी पणजीहून फोंड्याला येणाऱ्या कदंब बसमध्ये फोनवर ऐकले, आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत माझ्या लक्षात आले की आरतीत घुमट हे तालवाद्यच नाही. कांसाळे (झांज) होते, शामेळ या तालवाद्यावरच्या काठ्या होत्या, म्हणणाऱ्यांचा मोकळा, थोडा फाटलेला आवाज होता. घुमटाच्या जागी मात्र कोणी पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटे मारावीत तसा टकटक आवाज तेवढा उरला होता. आदल्या रात्री घरी हेडफोनवर हेच मिक्सिंग मी तीन वेळा ऐकले होते आणि तेव्हा घुमट इतके भरून येत होते की त्याची पातळी मी मुद्दाम थोडी खाली आणली होती.

ही आरती एका छोट्या मोबाइल गेमसाठी आहे. गेमच्या एका लेव्हलमध्ये खेळणारा रात्रीच्या वेळी देवळाच्या तळीच्या पायऱ्या चढून वर येतो, दीपस्तंभाजवळून सभामंडपात शिरतो आणि तिथे आरती चाललेली असते. गेम बनवणारी आम्ही मोजकीच मंडळी आहोत, संगीत आणि ध्वनी ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत, आणि त्या बसप्रवासानंतरचे तीन महिने मी मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने) की स्टिरिओ (डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज) या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलो. तोपर्यंत हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे असे मी धरून चाललो होतो: मोनो हे जुने आणि अपुरे, स्टिरिओ हे पुढचे आणि चांगले. आज मी त्याच लेव्हलमधले जवळजवळ सगळे संगीत मोनो करून ठेवले आहे आणि ते पूर्वीपेक्षा कितीतरी प्रशस्त वाटते. ते कसे, हे सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

आधी घुमटाचे काय झाले ते सांगतो. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवलेले असते. पूर्वी ते घोरपडीचे असे, घोरपडीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यापासून बकऱ्याचे वापरतात. दुसरे तोंड लहान आणि उघडे असते. उजव्या हाताची बोटे चामड्यावर पडतात आणि डावा तळवा मागचे तोंड कमी-अधिक झाकत राहतो, त्यामुळे आतली हवा कधी कोंडते, कधी सुटते, आणि त्या सुटणाऱ्या हवेतच घुमटाचा खरा खर्ज असतो. मी पहिल्या दिवशी माइक घेऊन चामड्यासमोर उकिडवा बसलो होतो. आमच्या वाड्यावर वर्षानुवर्षे घुमट वाजवत आलेल्या काकांनी मला दंडाला धरून मागच्या बाजूला नेले आणि म्हणाले, "हांगा उबो राव आनी आयक" (इथे उभा राहा आणि ऐक). समोरून घुमटाची बोटे ऐकू येतात, मागून त्याचे पोट ऐकू येते.

म्हणून मी दोन माइक लावले, एक चामड्यापाशी आणि एक मागच्या तोंडापाशी, आणि मिक्सिंग करताना पहिला पूर्ण डावीकडे व दुसरा पूर्ण उजवीकडे टाकला. हेडफोनवर ऐकताना आपले डोके घुमटाच्या आत आहे असे वाटे. चूक तिथेच होती. चामड्यावर थाप पडते तेव्हा चामडे आत जाते, म्हणजे समोरच्या माइकपासून दूर सरते आणि त्या माइकपुढे हवेचा दाब क्षणभर उतरतो. त्याच क्षणी आत ढकलली गेलेली हवा मागच्या तोंडातून बाहेर पडते आणि मागच्या माइकपुढे दाब चढतो. एकाच थापेचा एका माइकवर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा. हे दोन आवाज दोन कानांत वेगवेगळे गेले की ऐकणाऱ्याला त्यात रुंदी जाणवते. एकच स्पीकर असलेला फोन मात्र डाव्या-उजव्याची बेरीज करून वाजवतो आणि त्या बेरजेत उंचवट्याने खड्डा भरून निघतो. खर्जाच्या लाटा लांब असल्यामुळे त्या दोन्ही माइकांवर एकमेकींच्या नेमक्या उलट बसतात आणि सर्वांत आधी त्याच नाहीशा होतात. वरच्या पट्टीतली टकटक तेवढी वाचते. ड्रम रेकॉर्ड करणाऱ्यांना हे पाठ असते: स्नेअर नावाच्या ड्रमच्या वर आणि खाली असे दोन माइक लावले की खालच्याची पोलॅरिटी उलटी करून घेतात, म्हणजे त्याच्या लाटेतल्या खड्ड्याचा उंचवटा आणि उंचवट्याचा खड्डा करतात. मीही एका माइकची पोलॅरिटी उलटी केली आणि फोनमधून घुमट बऱ्याच अंशी परत आले.

एका बटणाने काम झाले, तरी मला आठवले ते वेगळेच. मी शाळेत असताना मामाने आखातातून प्लेस्टेशन आणले होते. त्याच्या वायरीला तीन रंगांचे प्लग होते: पिवळा चित्रासाठी, पांढरा डाव्या आवाजासाठी आणि तांबडा उजव्या आवाजासाठी. आमच्या टीव्हीला मागे भोके दोनच, पिवळे आणि पांढरे. तांबडा प्लग वर्षभर टीव्हीच्या मागे तसाच लोंबकळत राहिला. नंतर एका मित्राकडे, दोन स्पीकरच्या टीव्हीवर, मी माझाच पाठ असलेला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळलो, तेव्हा त्या संगीतात मला एक अख्खी गिटार सापडली. ती पूर्ण उजवीकडे ठेवलेली होती आणि आमच्या घरापर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. त्या काळच्या कित्येक गेममध्ये ऑप्शनच्या पानावर मोनो आणि स्टिरिओ असे दोन पर्याय असत, ते नेमके आमच्यासारख्यांसाठी होते: मोनो निवडले की दोन्ही बाजूंची बेरीज दोन्ही वायरींतून जाते आणि एकच प्लग लावला असला तरी काही हरवत नाही. आम्ही अर्थातच स्टिरिओ निवडलेले होते, कारण तो शब्द अधिक मोठा वाटत असे.

त्याच्याही आधीचे गेम ऐकले तर मोनोत काय करता येते ते नीट कळते. 1983 साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रामध्ये संगीतासाठी पाच आवाज होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेल्या लहान तुकड्यांसाठी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारे आमचे स्वस्त टीव्ही गेम त्याच यंत्राच्या नकला होत्या. हे पाचही आवाज एकाच वायरीतून बाहेर येत, डावे-उजवे काही नव्हतेच. तरी ते संगीत दाटीवाटीचे वाटत नाही, कारण ते रचणाऱ्यांनी वाद्ये बाजूंनी वेगळी न करता सप्तकांनी आणि वेळेने वेगळी केली. खर्ज त्रिकोणी लहरीकडे, चाल पहिल्या चौकोनी लहरीकडे, आणि दुसऱ्या चौकोनी लहरीला तीच चाल किंचित मागून, हलक्या आवाजात म्हणायला लावायची, की एका स्पीकरमधून दालनाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. जत्रेत एकाच भोंग्यातून येणारी आरती आपल्याला कळते तीही याच कारणाने. कांसाळे सर्वांत वर चमकते, शामेळाच्या काठ्या मधल्या पट्टीत कोरड्या वाजतात, घुमट खाली असते, आणि तिघांचे ठोके एकमेकांच्या मोकळ्या जागांत पडतात. ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे, ती माझ्या मिक्सिंगची वाट पाहत थांबलेली नव्हती.

स्टिरिओ आल्यावरही ते एकदम आले नाही. 1989 च्या गेमबॉय या हातात धरायच्या गेम-यंत्राला स्पीकर एकच होता, पण हेडफोन लावला तर स्टिरिओ ऐकू येई, आणि त्यातही प्रत्येक आवाजाला तीनच जागा होत्या: डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे. पुढच्याच वर्षी आलेल्या सुपर फॅमिकॉममध्ये आठ आवाज आणि ध्वनीसाठी वेगळी 64 किलोबाइट मेमरी होती, शिवाय प्रत्येक आवाजाची डावी आणि उजवी पातळी स्वतंत्रपणे ठरवता येई. ही पातळी उणे आकड्यातही देता येत असे, म्हणजे एका बाजूचा आवाज उलटा करून टाकता येई. तसे केले की आवाज टीव्हीच्या बाहेर, खोलीत कुठेतरी पसरल्यासारखा वाटे आणि सराउंडची यंत्रणा असेल तर तो मागच्या स्पीकरवर जाई. मोनो टीव्हीवर मात्र तोच आवाज बेरजेत नाहीसा होत असे. त्यांनी जाणूनबुजून केलेला हा प्रयोग माझ्याकडून घुमटाच्या दोन तोंडांवर अजाणतेपणी झाला होता.

मूळ प्रश्न मात्र फोनच्या स्पीकरचा नव्हता. तो मला पोलॅरिटी दुरुस्त केल्यानंतर, लेव्हलमध्ये प्रत्यक्ष चालून पाहताना कळला. आरती मी आधी साधा स्टिरिओ ट्रॅक म्हणून लावली होती. सभामंडपात देवाकडे तोंड करून उभे राहिले की घुमट डावीकडे आणि कांसाळे उजवीकडे, अगदी योग्य. मग मी मागे वळलो, देवाकडे पाठ केली, दीपस्तंभाकडे तोंड केले. घुमट तरीही डावीकडेच. चित्रातला वाजवणारा आता माझ्या उजव्या हाताला होता आणि त्याचे घुमट माझ्या डाव्या कानात. तळीच्या पायऱ्यांवर गेलो तरी ती आरती तशीच रुंद, कानांना चिकटलेली.

गंमत अशी की स्टिरिओचा जन्मच अशा तक्रारीतून झाला. ईएमआय कंपनीतले इंग्रज अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी 1931 साली ज्या पेटंटचा अर्ज केला, त्यामागे बोलपटातली एक विसंगती होती असे सांगतात: नट पडद्याच्या एका कडेला चालत जातो आणि त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणच्या स्पीकरमधून येत राहतो. दोन माइक आणि दोन स्पीकर घेऊन आवाजाला चित्राच्या जागी बसवणे हा त्यांचा उपाय होता. सिनेमात तो चालतो, कारण प्रेक्षक खुर्चीत बसलेला आणि पडदा समोर ठरलेला असतो. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये ऐकणाऱ्याची जागा रेकॉर्डिंगच्या वेळीच ठरून गेलेली असते. मी माइक जिथे ठेवले तिथे तो कायमचा उभा असतो. गेममध्ये मात्र कुठे उभे राहायचे हे खेळणारा ठरवतो, आणि क्षणाक्षणाला बदलतो. त्याच्या कानात माझे जुने कान बसवून चालत नाही.

म्हणून गेम इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बनतो आणि चालतो ते सॉफ्टवेअर, जागेवरच्या आवाजासाठी मोनो मागते. एक चॅनेलचा आवाज एका बिंदूवर ठेवायचा, आणि खेळणाऱ्याचे अंतर व दिशा पाहून डावीकडे किती आणि उजवीकडे किती हा हिशेब इंजिनने प्रत्येक क्षणी करायचा. युनिटी या इंजिनमध्ये फाइल आत घेतानाच 'फोर्स टू मोनो' अशी खूण करता येते, आणि 'स्पेशियल ब्लेंड' नावाचा सरकता दांडा असतो, ज्याच्या एका टोकाला आवाज सरळ कानांत जातो आणि दुसऱ्या टोकाला तो पूर्णपणे जागेला बांधला जातो. आवाज पूर्ण एका बाजूला असला तरी दोन कानांपर्यंत पोचण्यात फरक असतो तो सेकंदाच्या एक हजाराव्या भागापेक्षाही कमी, साधारण 0.6 ते 0.7 मिलिसेकंद, एवढ्याशा फरकावरून आणि दोन्ही कानांतल्या पातळीच्या फरकावरून आपल्याला दिशा कळते.

माझी पुढची चूक अशी की मी तीच स्टिरिओ आरती 'फोर्स टू मोनो' करून एका बिंदूवर ठेवली. पूर्ण आरतीसाठी लावलेले दोन माइक एकमेकांपासून दीड-दोन हात अंतरावर होते. समजा कांसाळे एका माइकला दुसऱ्यापेक्षा 34 सेंटिमीटर जवळ आहे, तर त्याचा आवाज दुसऱ्या माइकवर सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. या दोन प्रतींची बेरीज केली की 500 हर्ट्झ, 1500 हर्ट्झ, 2500 हर्ट्झ असे ठरावीक अंतरावरचे स्वर एकमेकांना कापत जातात आणि उरलेला आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ लागतो. दोन माइकांच्या स्टिरिओची सरसकट बेरीज करून चांगला मोनो मिळेलच असे नाही. मोनो हवा असेल तर तो मोनो म्हणूनच रेकॉर्ड करावा लागतो. बेरजेत आणखी दोन गोष्टी बिघडतात: मधोमध ठेवलेली वाद्ये कडेच्या वाद्यांपेक्षा साधारण तीन डेसिबलने वर येतात, आणि सभामंडपाची घुमघुम, जी दोन्ही बाजूंना वेगवेगळी असल्यामुळेच प्रशस्त वाटत होती, ती मागे पडते.

आता लेव्हलमध्ये आरतीचे चार बिंदू आहेत: घुमट, शामेळ, कांसाळे आणि म्हणणारे. चारही मोनो. तळीच्या पायऱ्यांवर खेळणारा असतो तेव्हा हे चारही एकाच बिंदूत मिसळलेले असतात, वरच्या पट्ट्या बोथट केलेल्या असतात आणि आरती सभामंडपाच्या दिशेने, बारीक, एका ठिपक्यासारखी येते. हे मी तंत्र म्हणून केलेले नाही. रात्री कुळागरापलीकडून (सुपारी-नारळाच्या बागेपलीकडून) देवळातली आरती ऐकू येते ती अशीच येते. एवढ्या अंतरावरून घुमट कुठे आणि कांसाळे कुठे हे कोणालाही सांगता येणार नाही. लांबची आरती मोनोच असते. दीपस्तंभ ओलांडला की ठिपका हळूहळू फुटतो आणि चार वाद्ये आपापल्या जागी सरकतात. सभामंडपात शिरल्यावर त्यांच्या जोडीला एक खरा स्टिरिओ थर येतो, तो फक्त मंडपाच्या गुंजनाचा: छताखाली फिरणारा आवाज, ज्याला दिशा नसते आणि म्हणून खेळणारा कुठेही वळला तरी तो खोटा पडत नाही. हा थर आधी मी उंबरठ्यावर एकदम सुरू केला होता, तेव्हा दार उघडून कोणी रेडिओ लावल्यासारखे झाले. आता तो गेममधल्या आठ मीटर अंतरात भरत जातो.

गेमच्या पहिल्या पानावर वाजणारे संगीत मात्र मी स्टिरिओच ठेवले आहे. ते गावातल्या कोणाचेही नाही, खेळणाऱ्याचे आहे. संगीत जागेचे आहे की खेळणाऱ्याचे, हे एकदा ठरले की मोनो-स्टिरिओचा निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो, आणि ते ठरवण्याआधी कितीही महाग प्लगइन वापरले तरी काम कुठेतरी अडते, असा माझा अनुभव आहे. स्टिरिओ संगीत रचतानाही मी आता आधी मोनोत मिक्सिंग करतो, खर्ज मधोमध ठेवतो आणि चाल कधीही पूर्ण एका बाजूला टाकत नाही. फोन आडवा धरल्यावर खालचा स्पीकर तळव्याखाली झाकला जातो. दोन स्पीकरच्या फोनमध्येही कानाकडचा स्पीकर सहसा दुबळा असतो. आणि कॉलेजची मुले बसमध्ये एकच इअरफोनची जोडी दोघांत वाटून घेतात, तेव्हा एकाच्या वाट्याला चाल आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसता ठेका येणे मला मान्य नाही. फाइलच्या आकाराचाही फायदा आहे: सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओला मिनिटाला सुमारे 10 मेगाबाइट लागतात, मोनोला त्याच्या निम्मे. पुढे फाइल कॉम्प्रेस होतेच, त्यामुळे मी या मुद्द्यावर फारसा अडून बसत नाही.

ज्यावर मी अडून बसलो ती गोष्ट वेगळी. आमच्या गेमची चाचणी करणाऱ्यांत एक मुलगी होती जिला उजव्या कानाने ऐकू येत नाही. अग्रशाळेच्या (देवळाच्या आवारातल्या यात्रेकरूंच्या खोल्यांच्या) मागची एक वाट सापडण्याची एकमेव खूण म्हणजे उजवीकडून येणारी घंटा होती, आणि ती पुन्हापुन्हा तिथून पुढे निघून जात होती. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत मोनो ऑडिओची सोय आहे; ती सुरू केली की तिला घंटा ऐकू येते, पण घंटा कुठे आहे हे तरीही कळत नाही, कारण बेरजेत दिशाच पुसली जाते. मोनोचा पर्याय देऊन आपली जबाबदारी संपली असे मानणे मला पटले नाही. आता घंटेच्या ठोक्याबरोबर त्या बाजूच्या समईची ज्योत हलते. गेमच्या सेटिंगमधल्या पर्यायाचे नावही मी 'मोनो' न ठेवता 'एका कानाने किंवा एका स्पीकरवर ऐकण्यासाठी' असे ठेवायला लावले. ओळ लांब झाली आहे, पण लहानपणी ती आमच्या टीव्हीवर दिसली असती तर ती गिटार मला वर्षभर आधी ऐकू आली असती.

एक काम अजून बाकी आहे. आरती सगळे मिळून म्हणतात, त्यामुळे कांसाळ्याचा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरलेला आहे. लेव्हलमध्ये कांसाळ्यापासून दूर, घुमटाजवळ जाऊन उभे राहिले तर घुमटाच्या बिंदूतूनही कांसाळेच चमकते. मी एकेकाला वेगळे बसवून, कानात ठेका देऊन वाजवायला सांगून पाहिले. ठोके बरोबर पडले, पण चढत्या लयीतला तो एकमेकांना दिलेला रेटा त्यात उतरला नाही आणि ते रेकॉर्डिंग मी बाजूला ठेवले. येत्या चवथीनंतर सगळ्यांना देवळाच्या मोकळ्या प्रांगणात, भिंतींपासून दूर, एकमेकांपासून चार-पाच पावलांवर बसवायचे आणि प्रत्येकासमोर एकच माइक ठेवायचा असे ठरले आहे. घुमटाचा माइक मागच्या तोंडाकडे असेल. काकांनी होकार दिला आहे. त्यांची अट एकच आहे, आरती सुरू झाली की ती पूर्ण होईपर्यंत कोणी मधे थांबवायची नाही.